डाव्या कुशीचा मळ

सूरच्या क्लबात तो आला तेव्हा चौतिसाचा होता,
कागदावर एकतिसाचा.
एक बॅग, बुटांचे दोन जोड, गुडघ्याचा पट्टा
आणि मागच्या सात क्लबांचे सात टॉवेल.
टॉवेल मीच धुतले, म्हणून सांगतो:
मुहर्रकचा निळा, जहराचा विटून विटून राखी,
सोहारचा जवळपास कोरा.
तिथे त्याला सहा महिनेही ठेवला नव्हता.

मंगळवारचा जन्म म्हणून नाव क्वाबेना.
आमच्या हर्णैत असता तर मंगळ्या झाला असता,
पहाटेची जाळी ओढली असती,
आणि गुडघा दुखतो का, कोणी विचारलं नसतं.
इथंही विचारत नाहीत.

मला धोबी म्हणा, किटमॅन म्हणा, पगार तोच.
सामना मी बघत नाही. मला मळ वाचता येतो.
पुढं खेळणाऱ्या पोरांची जर्सी पोटावर हिरवी:
गोल मारला, घसरत गेले, एकमेकांवर पडले.
क्वाबेनाची डाव्या कुशीला हिरवी.
दर वेळी डाव्याच.
उजवा गुडघा तो चोरून जपतो
हे डॉक्टरच्या आधी माझ्या साबणाला कळलं.

सोळा वर्षांत गोल एक.
जहरात, कॉर्नरवर, चेंडूच येऊन मांडीला लागला.
सांगताना दर वेळी मांडी बदलायची.
स्वतःच्याच जाळ्यात घातलेले तीन मात्र
मिनिटासकट पाठ.

आणि अडवलेले किती?
इस्त्री करता करता विचारलं एकदा.
म्हणाला, दौलत, तू मोजतोस का काढलेले डाग?
मी कशाला मोजू.
राहिलेले तेवढे मॅनेजर बोट ठेवून दाखवतो.

दोन महिने पगार अडकला.
सेक्रेटरी बुकरा म्हणायचे, म्हणजे उद्या,
आणि उद्या परत बुकरा.
क्वाबेना भांडला नाही. जाऊन त्यांच्या दारात उभा राहिला,
नुसता उभा, थोडा तिरका, पाय फाकवून.
संध्याकाळपर्यंत एका महिन्याचे पैसे निघाले.

शुक्रवारी सकाळी गलबतांच्या कारखान्यामागे
ओहोटीनं उघड्या पडलेल्या सपाटीवर
आमचं क्रिकेट, दापोली विरुद्ध गुहागर, टेनिसचा चेंडू.
एक गडी कमी पडला म्हणून त्याला नेला
आणि बॅटच्या तोंडाशी उभा केला.
नियम अर्धेच सांगितले, तेही चुकीच्या हिंदीत.
पहिला चेंडू नडगीनं अडवला, दुसरा छातीनं,
तिसरा कपाळानं.
अरे हातानं धर! सगळे ओरडले, गुहागरवालेसुद्धा.
त्याचे दोन्ही हात पाठीमागे,
एका हातानं दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलेलं.
गोलाजवळ चेंडू हाताला लागला की पेनल्टी.
सोळा वर्षं हात असे बांधून ठेवलेले,
एका सकाळीत कसे सुटणार?
फुरकान नाईक हसता हसता वाळूत बसला.
मला हसू आलं, मग राहिलं.
दापोली जिंकली बहुतेक. आठवत नाही.

मे महिन्यात त्याला सोडलं.
निरोपसमारंभ वगैरे पुढच्या पोरांसाठी असतो.
मस्कतच्या बसला मीच बॅग चढवली.
कुठं, विचारलं, तर म्हणाला फुजैरा, कदाचित,
एजंटचा फोन यायचाय.
बस हलली तेव्हा तो खिडकीच्या नव्हे,
दाराच्या बाजूला बसलेला दिसला.

दुसऱ्या दिवशी हुकूम आला, पाचचा आकडा काढ,
नवा पोरगा येतोय, एकोणीस वर्षांचा.
गरम दाबाखाली रबर सुटलं,
खालचं कापड मात्र उन्हात न विटलेलं, गडद,
पाचच्याच आकाराचं.
नव्यानं पंधरा मागितला.
मी अलीकडे एक चिकटवला, पाच पुन्हा त्याच जागी.

मग वर्षअखेरची मोजणी. जर्सी, मोजे, झेंडे, बादल्या.
क्लबाचे टॉवेल तीस हवेत, एकोणतीस भरले.
सेक्रेटरींनी चष्म्यावरून पाहिलं.
मी वहीत लिहिलं,
एक टॉवेल, धुण्यात फाटला,
आणि खाली सही केली.